प्राचीन शिल्पे आणि त्यांची पहिली छायाचित्रे

तथागतांच्या मूर्तीचे छायाचित्र नसलेले घर आपल्या वस्त्यांमध्ये शोधूनही सापडणे कठीण आहे. सारनाथची मूर्ती, गांधारातील मूर्ती, अजिंठ्याचे महापरिनिर्वाणाचे शिल्प ही आपण लांबून पाहताच ओळखतो. परंतु ही शिल्पे प्रत्यक्ष पाहिलेले आपल्यात किती जण असतील? बहुतेकांना ती कॅलेंडरवर, पाठ्यपुस्तकात किंवा अशा एखाद्या स्मरणिकेच्या पानावरच भेटलेली असतात. म्हणजेच आपण ज्याला शिल्प पाहणे म्हणतो ते पुष्कळदा शिल्पाचे छायाचित्र पाहणे असते. या दोहोंत फरक आहे काय, असल्यास कोणता, आणि त्याचा आपल्या इतिहासाशी काय संबंध, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. त्यासाठी छायाचित्रणाच्या आरंभापर्यंत आणि आरंभी युरोपातील ग्रीक-रोमन शिल्पांपर्यंत जावे लागेल. आपल्या शिल्पांकडे पाहण्याची जी रीत गेल्या दीडशे वर्षांत रूढ झाली, तिचे एक मूळ तेथे आहे.

कॅमेऱ्यासमोर आधी मूर्ती बसल्या

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे दागेर या चित्रकाराची छायाचित्रणाची कृती जाहीर करण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडिनची वाफ देऊन तो कॅमेऱ्यात ठेवायचा व नंतर पाऱ्याच्या वाफेने चित्र उमटवायचे, अशी ती कृती होती. याच दागेरने १८३७ साली घेतलेले एक चित्र उपलब्ध आहे. त्यात माणूस नाही. प्लॅस्टरच्या प्रतिकृती व काही वस्तू मांडून ठेवलेल्या आहेत. बायार या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाच्या आरंभीच्या चित्रांतही प्लॅस्टरच्या मूर्तींची मांडणी दिसते.

याचे पहिले कारण अगदी व्यावहारिक होते. त्या काळी चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत. जिवंत माणूस तेवढा वेळ स्तब्ध राहू शकत नसे. मूर्ती हलत नाही, कंटाळत नाही, पापणी मिटत नाही. दुसरे कारण रंगाचे. पांढरी वस्तू जास्त प्रकाश परत फेकते, म्हणून तिचे चित्र लवकर व स्पष्ट येते.

इंग्लंडमधील टॉलबट यांनी कागदावर उलटे चित्र घेऊन त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढण्याची पद्धत शोधली आणि १८४१ साली तिचे पेटंट घेतले. दागेरच्या पत्र्यावरचे चित्र एकच असे. टॉलबट यांच्या पद्धतीने एका चित्राच्या अनेक प्रती होऊ लागल्या. १८४४ ते १८४६ या काळात त्यांनी 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध केले. त्यात २४ छायाचित्रे होती. त्यांपैकी दोन छायाचित्रे एकाच मूर्तीची आहेत. ग्रीक कथेतील वीर पॅट्रोक्लस याच्या प्राचीन संगमरवरी मस्तकाची ती प्लॅस्टरची प्रतिकृती होती. एकाच पुस्तकात एकच मूर्ती दोनदा का छापली असावी? टॉलबट यांचे त्यावरील विवेचन मार्मिक आहे. पांढरेपणामुळे मूर्तींची छायाचित्रे चांगली व लवकर येतात, हे ते सांगतात. पण मूर्ती थोडी फिरवली, प्रकाशाची दिशा बदलली, की तिच्या मुद्रेवरील भाव बदलतो, हेही ते नोंदवतात. कडक उन्हापेक्षा ढगाळ दिवसाचा प्रकाश मूर्तीला अधिक मानवतो, असा त्यांचा अनुभव होता.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. छायाचित्र म्हणजे वस्तूची जशीच्या तशी प्रत, असा सर्वसामान्य समज तेव्हाही होता आणि आजही आहे. परंतु ज्यांनी ही कला घडवली त्यांनाच पहिल्या दशकात उमगले होते की एका मूर्तीची छायाचित्रे अनेक होऊ शकतात आणि त्यांतले कोणते घ्यायचे हे माणूस ठरवतो. दगड बोलत नाही. त्याच्या वतीने छायाचित्रकार बोलतो.

पांढऱ्या रंगाचे प्रस्थ

ग्रीक मूर्ती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शुभ्र संगमरवर येतो. प्रत्यक्षात प्राचीन ग्रीक व रोमन मूर्ती रंगवलेल्या असत. केस, ओठ, डोळे, वस्त्रांचे काठ यांवर तांबडा, निळा, पिवळा असे रंग असत. शेकडो वर्षे ऊन, पाऊस आणि माती यांत राहून ते रंग उडाले आणि खालचा दगड उरला. अठराव्या शतकात जर्मन विद्वान विंकेलमान यांनी १७६४ साली प्राचीन कलेचा इतिहास लिहिला व पांढऱ्या, शांत, निर्विकार मूर्तीला सौंदर्याचा आदर्श मानले. त्यांचा प्रभाव साऱ्या युरोपवर पडला. मूर्ती रंगीत होत्या असे सांगणारे अभ्यासक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच पुढे आले होते. परंतु पुष्कळांना तो विचार रुचला नाही.

अशा वेळी छायाचित्रण आले आणि त्याने नकळत पांढऱ्या रंगाची बाजू घेतली. चित्र काळे-पांढरे होते एवढेच त्याचे कारण नाही. त्या काळची रसायने मुख्यतः निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. तांबडा व पिवळा रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे मूर्तीवर कोठे निळ्या रंगाचा अंश उरला असला तर तो चित्रात दगडासारखाच फिकट येई. तांबड्याचा अंश उरला असला तर तो मळक्या डागासारखा काळा दिसे. जर्मन शास्त्रज्ञ फोगेल यांनी १८७३ साली ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग दाखवला, परंतु तोवर लोकांच्या मनात ग्रीक मूर्तीचे एक चित्र पक्के बसले होते.

१८५० च्या दशकात रॉजर फेंटन यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसाठी छायाचित्रे घेतली. फ्लॉरेन्समध्ये अलिनारी बंधूंनी १८५२ साली आपला छायाचित्रांचा व्यवसाय सुरू केला. रोममधील मूर्तींची छायाचित्रे प्रवासी विकत घेऊन घरी नेऊ लागले. महाविद्यालयांत, कलाशाळांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत ती पोहोचली. मुंबईला १८५७ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तेथील विद्यार्थीही ग्रीक मूर्तींच्या पांढऱ्या प्लॅस्टर प्रतिकृतींवरून रेखाटन शिकत. पांढरे, एकटे, पार्श्वभूमी नसलेले शिल्प हे 'उत्तम शिल्प' होय, ही समजूत अशा रीतीने दूरवर पसरली.

या समजुतीचे परिणाम दगडालाही भोगावे लागले. १८८६ साली अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर जमिनीत गाडलेल्या तरुणींच्या मूर्ती सापडल्या. त्यांवर रंग स्पष्ट दिसत होते. एवढा पुरावा हाती असूनही १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पे अधिक पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी घासण्यात आली व त्यांच्या पृष्ठभागाची कायमची हानी झाली. पुढे अतिनील किरणांच्या व तिरप्या प्रकाशाच्या साहाय्याने रंगांचे अंश शोधता येऊ लागले. २००३ साली म्युनिक येथे रंगीत प्रतिकृतींचे प्रदर्शन भरले, तेव्हा पाहणाऱ्यांना धक्काच बसला. मूर्ती मूळच्या रंगाजवळ गेल्या होत्या; सवय मात्र पांढऱ्याची झाली होती.

अथेन्सच्या टेकडीवर काय राहिले, काय गेले

छायाचित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ते जशी एक समजूत पसरवते तसेच पुसले गेलेलेही जपून ठेवते. छायाचित्रणाची घोषणा झाली त्याच वर्षी, म्हणजे १८३९ च्या शरद ऋतूत, जोली दे लॉतबिनिएर हा प्रवासी अथेन्सला पोहोचला व त्याने पार्थेनॉनचे चित्र घेतले. मूळ पत्रा आज नाही. परंतु त्यावरून केलेले मुद्रित चित्र उपलब्ध आहे. त्यात पार्थेनॉनच्या आत उभी असलेली छोटी मशीद दिसते. ग्रीस तुर्की सत्तेतून नुकताच मोकळा झाला होता. नव्या राष्ट्राला आपल्या टेकडीवर केवळ प्राचीन ग्रीकांचा काळ दिसावा असे वाटत होते. पुढे थोड्याच वर्षांत ती मशीद पाडण्यात आली. मध्ययुगातील एक उंच मनोराही १८७५ च्या सुमारास पाडला गेला. स्टिलमन या अमेरिकन छायाचित्रकाराने १८६९ साली घेतलेली व १८७० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलेली अक्रोपोलिसची छायाचित्रे या घडामोडींच्या मधल्या काळातील आहेत.

आज तेथे जाणाऱ्याला वाटते की दोन हजार वर्षे ही टेकडी अशीच होती. जुनी छायाचित्रे सांगतात की नाही, ती तशी करण्यात आली. कोणता काळ ठेवायचा व कोणता पुसायचा हा निर्णय माणसांनी घेतला. ज्या समाजाच्या इतिहासातील पाने अनेकदा पुसली गेली, त्या समाजाने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

'एलियट मार्बल्स' हे नाव कसे पडले

आता आपण भारताकडे वळू. मुंबईत १८५४ साली व कलकत्ता आणि मद्रास येथे १८५६ साली छायाचित्रकारांच्या संस्था स्थापन झाल्या. मुंबईच्या संस्थेत डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे छायाचित्रकार सभासद होते. प्राचीन वास्तूंची रेखाटने करून घेण्यापेक्षा छायाचित्रे घ्यावीत, असे धोरण ईस्ट इंडिया कंपनीने याच सुमारास स्वीकारले. त्यानुसार मुंबई इलाख्यात १८५५ साली कॅप्टन बिग्ज व त्यांच्यानंतर डॉ. पिगू यांनी काम केले. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारे मेजर गिल यांनी तेथील लेण्यांची छायाचित्रेही घेतली व १८६४ साली फर्ग्युसन यांच्या पुस्तकात त्यांपैकी ७४ छायाचित्रे प्रसिद्ध झाली.

मद्रास इलाख्यात १८५६ साली कॅप्टन लिनियस ट्राइप यांची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली. १८५८ साली त्यांनी मद्रासच्या संग्रहालयातील अमरावतीच्या शिल्पांची छायाचित्रे घेतली. ही घटना आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

आंध्र प्रदेशात कृष्णा नदीच्या काठी अमरावती येथे प्राचीन काळी भव्य महाचैत्य उभा होता. तेथे सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या काळचा शिलालेख सापडला आहे. ज्या सातवाहनांची राजधानी आपले पैठण होते, त्यांच्याशी या स्तूपाचे असे नाते आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका स्थानिक जमीनदाराने बांधकामाच्या दगडासाठी तेथे खोदकाम सुरू केले. १७९७ साली कर्नल मॅकेंझी यांनी ती जागा पाहिली व पुढे १८१६-१७ मध्ये तिची काळजीपूर्वक रेखाटने करून घेतली. दरम्यान कित्येक शिल्पे भट्टीत घालून त्यांचा चुना करण्यात आला होता. १८४५ साली वॉल्टर एलियट यांनी उत्खनन केले व निघालेली शिल्पे मद्रासला नेली. ट्राइप यांनी घेतलेल्या छायाचित्रांच्या संग्रहात या शिल्पांचे नाव 'एलियट मार्बल्स' असे दिले आहे.

हे नाव जरा थांबून वाचावे. मार्बल म्हणजे संगमरवर. अमरावतीचा दगड संगमरवर नाही. तो फिकट हिरवट झाक असलेला चुनखडक आहे. मग मार्बल हे नाव का? लॉर्ड एल्गिन यांनी अथेन्सहून काढून आणलेली पार्थेनॉनची शिल्पे ब्रिटिश पार्लमेंटने १८१६ साली विकत घेतली होती व ती 'एल्गिन मार्बल्स' म्हणून जगभर गाजत होती. त्याच वळणावर हे नाव पडले. आणणाऱ्या साहेबाचे नाव पुढे आणि ग्रीक शिल्पांचा मानाचा शब्द मागे. ज्यांनी हा चैत्य उभारला त्या उपासक-उपासिकांची, भिक्खू-भिक्खुणींची, व्यापारी व कारागिरांची नावे शिलालेखांत कोरलेली असतानाही छायाचित्रांच्या संग्रहावर नाव आले ते अधिकाऱ्याचे. हेतू कदाचित गौरवाचाच असेल. परंतु ग्रीक शिल्पांच्या मापात बसले तरच गौरव, अशी ती रीत होती.

यानंतरची हकीकत तर अधिकच बोलकी आहे. १८५९ साली यांतील बरीच शिल्पे जहाजाने लंडनला रवाना झाली. तेथे ती आधी एका धक्क्यावरील गोदामात व नंतर फाइफ हाउस या इमारतीच्या आवारात पडून राहिली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी भारतीय वास्तूंची छायाचित्रे जमवताना फर्ग्युसन यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. शिल्पांची छायाचित्रे घेतली गेली, ती पॅरिसला मांडली गेली आणि १८६८ साली फर्ग्युसन यांनी सांची व अमरावती येथील शिल्पांवर 'ट्री अँड सर्पंट वर्शिप' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मूळ दगड अडगळीत होते तेव्हा त्यांची छायाचित्रे युरोपच्या राजधानीत मिरवत होती! पुढे १८८० च्या सुमारास ती ब्रिटिश म्युझियमकडे गेली. आज अमरावतीची शिल्पे मुख्यतः चेन्नई व लंडन येथील संग्रहालयांत विभागलेली आहेत. ज्या स्तूपासाठी ती घडवली गेली त्याच्या जागी आता मातीचा सपाट उंचवटा आहे.

ग्रंथाच्या नावाकडेही पाहावे. झाड आणि सर्प यांची पूजा! शिल्पांत बोधिवृक्ष आहे, नागराजा आहे, हे खरे. परंतु अमरावतीच्या शिल्पपट्टांवर रिक्त आसन, पावलांचे ठसे, धम्मचक्र आणि बोधिवृक्ष हे तथागतांची उपस्थिती सुचवतात. नंतरच्या पट्टांवर त्यांची मूर्तीही दिसते. दूर बसून छायाचित्रे चाळणाऱ्याला वृक्ष दिसला, त्या वृक्षामागचा अर्थ त्याच्या सिद्धान्तात दुय्यम ठरला. छायाचित्र डोळ्याला वस्तू दाखवते. तिचा अर्थ ती घडवणाऱ्या लोकांच्या विचारातच शोधावा लागतो.

भारतीयांनी दगडी बांधकामाची कला ग्रीकांकडून घेतली, असे फर्ग्युसन यांचे मत होते. बंगालचे विद्वान राजेंद्रलाल मित्र यांनी त्याला विरोध केला. फर्ग्युसन यांनी १८८४ साली मित्रांवर कठोर टीका करणारे पुस्तकच लिहिले. विशेष म्हणजे राजेंद्रलाल मित्र हे स्वतः कलकत्त्याच्या फोटोग्राफिक सोसायटीचे पदाधिकारी होते. १८५७ साली निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध जाहीर भाषण केल्यामुळे त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. कॅमेरा कोणाच्या हातात असावा, हा प्रश्न त्या काळीही केवळ तंत्राचा नव्हता.

गांधारची मूर्ती आणि 'ग्रीक' चष्मा

ग्रीक माप सर्वांत जास्त लावले गेले ते गांधारच्या शिल्पांना. पेशावरचे खोरे, स्वात व तक्षशिला हा प्रदेश आज पाकिस्तानात आहे. तेथील बुद्धमूर्तींच्या चिवराच्या चुण्या, कुरळे केस, सरळ नाक यांत युरोपीय अभ्यासकांना आपल्या ओळखीचा अपोलो दिसला. 'ग्रीक-बौद्ध कला' असे नाव रूढ झाले. फ्रेंच विद्वान फूशे यांनी १९०५ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात, बुद्धमूर्तीची कल्पनाच ग्रीक संस्कारातून जन्मली असा सिद्धान्त मांडला.

ग्रीक-रोमन जगाशी गांधारचा संबंध होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मूर्ती ज्या रीतीने पाहिली व दाखवली गेली तिने हा संबंधच सर्वस्व ठरवला. गांधारच्या मूर्ती राखाडी दगडाच्या व चुन्याच्या गिलाव्याच्या होत्या; त्यांवर रंग व सोन्याचा मुलामा असे, त्याचे अंश आजही काही मूर्तींवर सापडतात. त्या स्तूपाच्या भोवती, विहाराच्या कोनाड्यांत, जातककथांच्या व बुद्धचरित्राच्या पट्टांसोबत बसवलेल्या होत्या. संग्राहकांनी त्या सुट्या केल्या, कित्येकांची केवळ मस्तके उचलली आणि साध्या पार्श्वभूमीवर त्यांची काळी-पांढरी छायाचित्रे घेतली. मग ते मस्तक रोममधील मस्तकाशेजारी ठेवणे सोपे झाले. स्तूपाशेजारी ठेवणे मात्र कठीण झाले.

याच प्रदेशातील एक वेगळे उदाहरण आहे. १८९६ साली अलेक्झांडर कॅडी यांनी स्वात खोऱ्याच्या परिसरातील लोरियन टंगाई येथे उत्खनन केले व तेथेच उघड्यावर शिल्पे मांडून त्यांची छायाचित्रे घेतली. ती शिल्पे नंतर कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेली. त्या छायाचित्रांत अनेक मूर्ती व पट्ट एकत्र दिसतात. आज एखादा पट्ट कोठून आला, त्याच्यासोबत काय सापडले, हे ठरवताना अशा चित्रांचा आधार मिळतो. चित्र देखणे नाही; पण पुरावा म्हणून अमोल आहे.

आणि याच छायाचित्रांनी फूशे यांना उत्तर देण्याची सोयही करून दिली. श्रीलंकेत जन्मलेले व पुढे अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयात काम केलेले आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ साली बुद्धमूर्तीच्या उगमावर निबंध लिहिला. त्यांनी मथुरेच्या बुद्ध-बोधिसत्त्व मूर्ती व त्याहून जुन्या यक्षमूर्ती यांची छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवले की मथुरेची मूर्ती येथल्याच परंपरेतून उभी राहते. आज अभ्यासक गांधार व मथुरा या दोन्ही केंद्रांचा विचार करतात आणि चर्चा अजून संपलेली नाही. मुद्दा असा की तुलना कोणत्या दोन चित्रांची करायची, हे ठरवण्यातच अर्धे उत्तर दडलेले असते. ज्या साधनाने एक मत रूढ केले, त्याच साधनाने त्याला प्रश्नही विचारला.

छायाचित्र कसे वाचावे

जर्मन कला-इतिहासकार वोल्फ्लिन यांनी १८९६-९७ मध्ये शिल्पांची छायाचित्रे कशी घ्यावीत यावर लेख लिहिले. छायाचित्रकार नाट्यमय दिसावे म्हणून बाजूचा कोन निवडतात आणि शिल्पकाराने योजलेली मुख्य बाजू हरवते, अशी त्यांची तक्रार होती. फ्रेंच लेखक मालरो यांनी १९४७ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पुस्तकाच्या पानावर लहानसे नाणे आणि प्रचंड पुतळा सारख्याच आकाराचे दिसतात. या विचारांच्या आधारे आमच्या अभ्यासू विद्यार्थ्यांनी कोणतेही शिल्पचित्र पाहताना पुढील प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवतो.

पहिला प्रश्न : प्रकाश कोठून आला आहे? खालून प्रकाश टाकला तर शांत मुद्राही उग्र दिसते. दुसरा : कोणत्या बाजूने व किती उंचीवरून चित्र घेतले आहे? उपासक मूर्तीसमोर बसून वर पाहत असे. छायाचित्र पुष्कळदा मूर्तीच्या डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेले असते. तिसरा : मूर्ती मुळात केवढी आहे? चौथा : तिच्यावर रंग किंवा मुलामा होता काय? पाचवा : चित्राच्या कडेबाहेर काय राहिले? आणि सहावा : हे चित्र कोणी, केव्हा व कोणासाठी घेतले?

पाचव्या प्रश्नाचे एक उदाहरण आपल्या घरातच आहे. सारनाथची प्रसिद्ध धम्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील मूर्ती १९०४-०५ च्या उत्खननात सापडली. ती इसवी सनाच्या पाचव्या शतकातील असून चुनारच्या वालुकाश्मातील आहे. तिच्या पीठावर धम्मचक्र, हरिणे आणि पाच भिक्खू कोरलेले आहेत. त्यांच्यासोबत एक स्त्री व एक मूल आहे. ही स्त्री मूर्ती दान करणारी असावी असे अभ्यासक मानतात. फ्रेमसाठी चित्र कापताना पुष्कळदा हा खालचा भाग निघून जातो. तथागतांची मुद्रा राहते. ते ज्यांना उद्देशून बोलत आहेत ते श्रोते आणि ज्या स्त्रीच्या दानाने ही मूर्ती घडली असावी, ती मात्र दिसेनाशी होते. धम्म ऐकणाऱ्या माणसांशिवाय धम्मचक्रप्रवर्तन अपुरे आहे, हे आपल्याला सांगावयास नको.

आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे व लेण्यांना जाणारी आपली मुलेमुली शेकडो छायाचित्रे घेतात. ही आनंदाची गोष्ट आहे. ट्राइप किंवा गिल यांना ज्या चित्रासाठी बैलगाडीभर सामान न्यावे लागे, ते आता क्षणात मिळते. मात्र स्तंभावरच्या सुंदर हत्तींचे चित्र घेऊन थांबू नये. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट येथील यवन दातेही आहेत. त्या काळी यवन हा शब्द ग्रीक व पश्चिमेकडून आलेल्या लोकांसाठी वापरला जाई. युरोपच्या विद्वानांनी बौद्ध शिल्पात ग्रीकांचा हात शोधला. सह्याद्रीच्या कुशीत मात्र यवनांनी स्वतःच्या खर्चाने चैत्याला स्तंभ अर्पण केल्याची नोंद दोन हजार वर्षे दगडावर आहे. तेथे ते गुरू म्हणून आलेले दिसत नाहीत. इतर उपासकांच्या रांगेत एक दाते म्हणून उभे आहेत. केवळ हत्तींचे छायाचित्र घेणाऱ्याला ही ओळ मिळणार नाही.

म्हणून आमची विद्यार्थ्यांना व सभासदांना विनंती अशी. लेण्यांत वा संग्रहालयात तेथील नियम पाळून छायाचित्रे घेताना आधी संपूर्ण भिंत घ्या, मग शिल्प घ्या, मग शिलालेख घ्या. शेजारी माप कळेल अशी एखादी वस्तू असू द्या. चित्राखाली स्थळ, लेणे क्रमांक व तारीख लिहून ठेवा. फुटलेला भाग, डाग, रंगाचा उरलेला ठिपका हेही टिपा. अशा नोंदी केलेला साधा अल्बम प्रत्येक गावच्या विहारात तयार होऊ शकतो. शंभर वर्षांनी एखादे शिल्प झिजले, हलवले गेले किंवा नाहीसे झाले, तर लोरियन टंगाईच्या चित्रांप्रमाणे तोच अल्बम साक्षीला उभा राहील. आणि त्यावर नाव असेल ते शिल्प ज्या गावाचे, ज्या लेण्याचे व ज्या दात्याचे आहे त्याचे.